उष्टी बाटली

माझ्या रिपोर्टमध्ये लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला होता; सहा केमो ठरल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "तरुणपणी कधी गळ्याच्या गाठी सुजून बरेच दिवस ताप आला होता?"

"आला होता की! आधी हिला, मग हिची उष्टी बाटली तोंडाला लावली म्हणून मला." मी धाकट्या बहिणीकडे बोट दाखवलं.

"त्या तापाचा विषाणू लाळेतूनच पसरतो. पुढे कधीकधी या आजाराशी त्याचा संबंध दिसतो."

धाकटीचा चेहरा पडला. आईच्या कपाटाच्या वाटणीवरून सहा वर्षं तिने माझ्याशी अबोला धरला होता. आज माझ्या लेकीने हातापाया पडून तिला माझ्यासोबत धाडलं होतं.

"ताई, सहाच्या सहा केमोंना मीच येणार," एवढं बोलून ती डोळे पुसत बाहेर गेली.

डॉक्टर गडबडले. "अहो, दहातल्या नऊ जणांच्या अंगात हा विषाणू असतो. बहुतेकांना पुढे काहीच होत नाही. आणि तुम्हाला तो बहिणीकडूनच आला, असंही सांगता येत नाही. बोलवा त्यांना, मी समजावतो."

"समजवा की," मी म्हटलं, "पण सहाव्या केमोनंतर."