साखर बंद

कमरीपेठेतल्या घरात बाळाप्पा बेशुद्ध पडले होते. अँब्युलन्समधून आलेल्या रश्मीनं बोटाचं रक्त तपासलं. साखर अठ्ठावीसवर उतरली होती. तिनं ग्लुकोजचं इंजेक्शन काढताच त्यांची बायको यल्लव्वा आडव्या आल्या.

“ह्यांना शुगर आहे! साखर टोचून मारतीस काय?”

“अक्का, आत्ता साखर फार कमी झालीय. जीव जाईल.”

“डॉक्टरांनी साखर बंद केलीय!”

तिसऱ्यांदा समजावताना रश्मीचा आवाज चढला. यल्लव्वा हटेनात. तेवढ्यात बाळाप्पांना झटके येऊ लागले.

“बरं, साखर नाही,” रश्मी वैतागून म्हणाली, “शुगरवरचं औषध आहे हे.”

यल्लव्वा लगेच बाजूला झाल्या. पाच मिनिटांत बाळाप्पांनी डोळे उघडले.

यल्लव्वांनी डोळे पुसत रश्मीपुढे कागद-पेन धरलं. “नाव लिहून दे गं बाई. रोज देते ह्यांना.”