तपस्व्याचं पारणं

धुळ्याचे रुपचंदजी पायरीवर चपला काढत होते आणि आत चंदनबाई नवऱ्याला बजावत होत्या: पाहुण्यांसमोर अंग खाजवायचं नाही, जांभई द्यायची नाही, आणि विचारलंच तर मान खाली घालून म्हणायचं, सगळी गुरुमहाराजांची कृपा.

नेमीचंदांनी मान हलवली. एवढं तप आता त्यांना जमत होतं.

खरं तर तप नव्हतंच. बिघडलेली मूत्रपिंडं होती. मुंबईच्या डॉक्टरांनी मीठ तोडलं, पाणी मोजून दिलं, आणि जळगावच्या या डाळीच्या व्यापाऱ्याची डाळ जवळपास बंद केली. ही बातमी दाणा बाजारात फुटली असती तर लग्नाची मुलगी कुसुमलता घरातच राहिली असती. बाप आजारी म्हटला की लोक मुलीची नाडी बघतात. सुदैवानं तेव्हा चैत्रातली ओळी चालू होती आणि अर्धा समाज आयंबिलाला बसला होता. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. मीठ नाही, तेल-तूप नाही, दूध-साखर नाही. चंदनबाईंनी जैन स्थानकात सांगून टाकलं की आमच्याकडेही बसलेत. ओळी संपली, सगळ्यांनी पारणं केलं आणि दुसऱ्या दिवशी भजी तळली. नेमीचंदांचं चालूच राहिलं. त्यांना उठायची सोयच नव्हती.

डॉक्टरांनी मीठ नेलं होतं, बायकोच्या थापेनं तूप-साखरही नेली. आजारापेक्षा आजार लपवणं महाग पडत होतं. पण आवकही होती. अंगावर जे लक्षण दिसेल ते तपाच्या खात्यावर जमा होई. सकाळी चेहरा सुजलेला असे, भांडी घासणारी धुरपदाबाई बघून म्हणे, "शेठना तोंडवर काय तेज शे." गादीवर बसल्या बसल्या डोळा लागला की गिऱ्हाइकं कुजबुजत, ध्यान लागलंय. अन्नावर वासना उरली नव्हती, ते वैराग्य. खाजेनं रात्रभर तळमळत, तर शेजारी सांगत की शेठजींचा पहाटेपर्यंत जाप चालतो. ज्यांनी उभ्या जन्मात नेमीचंदांच्या तराजूवर विश्वास ठेवला नव्हता, ते आता पाया पडून मगच भाव विचारत.

अडचण एकच होती. कण्हता येत नव्हतं. तपस्वी कण्हत नाहीत.

रुपचंदजी बैठकीत येऊन बसले. धुळ्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि मुलगा गौतमचंद लग्नाचा होता. कुसुमलता पाणी देऊन गेली. मुलगी त्यांनी नीट पाहिली, पाणी नुसतं ओठाला लावलं. दाल-बाटीचं ताट आलं तेव्हा हात जोडले. म्हणाले, सोयरीक ठरेपर्यंत मुलीकडे जेवायचं नाही अशी आमच्याकडची रीत आहे. ही रीत तिथं कोणीच ऐकली नव्हती. पण वरपक्षाच्या रीती येताना एस.टी.त तयार होतात, हे ठाऊक असल्यानं कोणी काही बोललं नाही.

मग ते उठले आणि मुलाचा बाप असूनही तपस्व्याच्या पाया पडले. दारात दाटलेले नातेवाईक गहिवरले. रुपचंदजींचा अंगठा घोट्याच्या वर, सुजेवर टेकला, दबला आणि तिथंच राहिला. उचलला तेव्हा खाली खळगा पडला होता. तो भरून यायची काही घाई करत नव्हता.

चंदनबाईंनी तो पाहिला. रुपचंदजी त्याच्याकडेच बघत होते.

आम्हा दोघांना जरा बोलू द्या, असं म्हणून रुपचंदजींनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं.

"मुलीला काही नाही, शेठजी," नेमीचंद म्हणाले. "जे आहे ते माझं मलाच."

रुपचंदजींनी दार नीट लागलंय ना ते पाहिलं. खुर्चीवर बसून धोतर जरा वर घेतलं आणि पाय पुढे केला.

"आता तुम्ही दाबा."

मुलीच्या बापाला वाकवायची ही आणखी एक रीत असणार, असं नेमीचंदांना वाटलं. ते वाकले. अंगठा कणकेत रुतावा तसा रुतला.

"माल बघायला मुंबईला जातो, असं मी धुळ्यात सांगतो," रुपचंदजी हलक्या आवाजात म्हणाले. "पण दर वेळी रिकाम्या हातानं येणारा कापडवाला किती दिवस खपणार? हे आयंबिलाचं कोणी सुचवलं?"

"कुसुमच्या आईनं."

"मुलगी आईवर गेलीय का?"

"पुरती."

"मग मला पसंत आहे."

दार तरीही बराच वेळ उघडलं नाही. बाहेरच्यांनी देण्याघेण्याचे अंदाज बांधले, चंदनबाईंनी नवकार मंत्र म्हटला. आत पायात येणारे गोळे निघाले, तोंडातली पितळी चव निघाली, जिना चढताना लागणारी धाप निघाली. वर्षात पहिल्यांदा नेमीचंद पोटभर कण्हले, आणि समोरच्यानं त्याला जप म्हटलं नाही.

शेवटी रुपचंदजी बाहेर आले. सोयरीक ठरली असं त्यांनी जाहीर केलं आणि एक मागणं मागितलं: या आनंदात शेठजींच्या एवढ्या मोठ्या तपाचं पारणं माझ्या हातून व्हावं. लोकांनी जयजयकार केला. काय घडलं ते न कळलेल्या चंदनबाई लाडू घेऊन आल्या. रुपचंदजींनी लाडू फोडला, अर्धा नेमीचंदांच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या, आणि कानाशी लागले.

"आज खाऊन घ्या, व्याहीजी. उद्यापासून दोघं बसू."