जंतूचा माग

"मान वर कर," ताई म्हणाली.

धाकट्या भावाने मुकाट्याने मान वर केली. तिने कापसाची काडी त्याच्या नाकात फिरवली, नळीत बंद केली आणि नळीवर नंबर लिहिला.

ताई जनावरांची डॉक्टर. आठवड्याला डुकरांचे दहा-बारा फार्म पालथे घालायची. भावाचाही फार्मच होता. लांबलचक शेडमध्ये दोन हजार डुकरं दाटीवाटीने राहत.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले, तरी जखम भरायचं नाव घेत नव्हती. तीन अँटिबायोटिक्स झाली, जंतू एकालाही दाद देईना. सर्जन म्हणाले होते, असंच राहिलं तर पाय वाचवणं कठीण. असले हट्टी जंतू कुठे पोसले जातात, हे ताईला कोणी सांगायला नको होतं.

"डुकरांच्या खाद्यात अँटिबायोटिक घालतोस ना अजून?"

"दोन वर्षांपूर्वी तू सांगितलंस, तेव्हापासून बंद आहे."

"सगळे हेच सांगतात."

"मी सगळ्यांतला आहे का, ताई?"

ती गव्हाणीकडे वळली. पाणी, खाद्य, जमीन, डुकरांची नाकं, एकही जागा तिने सोडली नाही. भाऊ मागे मागे येऊन फाटकं उघडत राहिला.

"आई विचारते का माझं?"

"रोज."

"मग काय सांगतेस?"

"कामात आहे म्हणते."

आई ताईच्या घरी होती. जंतूच्या भीतीने ताईने महिन्यापासून भावाला तिथे यायला बंदी केली होती. ड्रेसिंग ताई स्वतःच करायची, सकाळ-संध्याकाळ. नर्सचा हात तिला धसमुसळा वाटायचा.

प्रयोगशाळेच्या नियमाप्रमाणे तिने घरातल्यांचेही नमुने घेतले, आणि नावांऐवजी नंबर घालून सगळं एकत्र पाठवून दिलं.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला, तेव्हा ती आईच्या पलंगापाशी बसून जुनी पट्टी सोडवत होती. आई छताकडे बघत म्हणत होती, "त्याला एकदा येऊ दे गं. लांबून बघेन."

"बरा झाला पाय की येईल," म्हणत ताईने फोन कानाला लावला.

"मॅडम, फार्मवरचं काहीच जुळत नाही," प्रयोगशाळेतले गृहस्थ म्हणाले. "तिथली माणसंही स्वच्छ निघाली. पेशंटच्या जखमेतला जंतू फक्त सतरा नंबरच्या नाकात सापडला. अगदी तोच. स्वतःला काही त्रास नसतो अशा माणसाला, पण त्याला आधी जखमेपासून लांब करा. कोण आहे हा सतरा नंबर?"

ताईचा हात पट्टीवरच थांबला.

"मी," ती म्हणाली.