मांदेलीचा गुन्हा

या, बसा, एक गोष्ट सांगतो. दिवाळे गावातलं घर सोडून जागृती नवरा, सासरा आनि मांदेली नावाची मांजर घेऊन कामोठ्याच्या फ्लॅटात आली, तवापासून सासऱ्याची गादी रोज सकाळी ओली. मांदेली झोपायची त्याच्याच पायाशी.

"नवीन जागा, बावचळलीय ती. हिचीच करामत हाय, पोरी," सासरा गोटीराम म्हनायचा, आनि मग दिवसभर तिला मांडीवरून उतरू द्यायचा नाय.

धुऊन धुऊन जागृतीचे हात सोलवटले, वासानं शेजारीन दार लावून घ्यायला लागली. शेवटी जागृती कडाडली, "या घरात ही राहील नायतर मी!" गोटीरामनं मांदेलीला मांडीवरून खाली ठेवली. नवऱ्यानं मांदेलीला पोत्यात घातली आनि दिवाळ्याच्या बंदरावर सोडून आला.

दुसऱ्या सकाळी गादी ओलीच. गोटीराम भिंतीला टेकून उभा, लुंगी चिंब, मान खाली.

जागृतीनं एकदाच बघितलं आनि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडली, "अवो, कशी सोडलीत मांजर? परत येऊन मुतून गेली बघा! जा, घेऊन या तिला घरी."

 

तर तुमी कधी त्यांच्याकडं गेलात आनि वास आला, तर एवढं करा, शिव्या मांदेलीलाच द्या.