थोरल्याचा फोटो

विश्वजितनं स्टुलावर चढून खिळा ठोकला, फोटो अडकवला आणि आईनं खालून दिलेला चंदनाचा हार त्यावर घातला. मग तो उतरला आणि मायलेक लांबून बघत उभे राहिले. हार चांगला लांबरुंद होता, फ्रेमच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आला होता.

फोटोत त्याचा थोरला भाऊ उदयसिंह, फेटा बांधलेला, मुंडावळ्यांतून हसणारा. शेजारी नवरी. ती नवरी क्रांती, आता विश्वजितची बायको, आणि या घडीला आत स्वयंपाकघरात वास्तुशांतीच्या पाहुण्यांची तयारी करत होती. थोरला अपघातात गेला, वर्ष सरलं, घरच्यांनी बसून ठरवलं आणि दिराशी तिचं लग्न लावून दिलं. गावात त्याचं कुणाला काही वाटलं नाही. इथं कोल्हापुरात, विश्वजितच्या ऑफिसात मात्र हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी त्यानं लपवलं होतं.

भिंत क्रांतीनं महिनाभर खपून सजवली होती. सासऱ्यांचा जुना फेटा काचेच्या पेटीत, उदयसिंहाचं कुस्तीतलं पदक, तिच्या आईनं केलेला मण्यांचा मोर. कडेला तिचा आणि विश्वजितचा लहानसा फोटो, लग्नानंतर जोतिबाच्या डोंगरावर काढलेला. दोघांची तोंडं गुलालानं माखलेली, आणि दोघं एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघतायत. मधली जागा तिनं मोकळी ठेवली होती. कुणासाठी, हे विचारायची विश्वजितची छाती झाली नव्हती. आज सकाळी आई, म्हणजे आक्का, कोडोलीहून पिशवीत ही फ्रेम घेऊन आली आणि प्रश्नच मिटला.

"दुसरा फोटो न्हवता व्हय?" त्यानं विचारून बघितलं होतं.

"हाय की. आधार कार्डाचा. चोरावाणी दिसतोय त्यात."

क्रांती हात पुसत बाहेर आली आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी थांबली. हाराखाली उदयसिंह होता. तीही होती.

"आक्का, हार काढा त्यो."

"का गं? माझ्या पोराला हार नगं?"

"पोराला घाला की. मी जित्ती हाय अजून."

आक्काच्या तोंडचं पाणी पळालं. जित्या माणसाला हार, आणि तोही वास्तुशांतीच्या दिवशी! "चुकलं रं जोतिबा," म्हणत तिनं दोन्ही गालांवर मारून घेतलं आणि विश्वजितला हार काढायला लावला. पण बाई हट्टाची. गेलेल्या लेकाचा फोटो बिनहाराचा ठेवायचा हे काही तिच्या गळी उतरेना.

"कातर आण, इश्वा," ती म्हणाली. "हिला बाजूला काढू. मग त्याला हार घालता यील."

विश्वजित कातर आणायला जवळजवळ धावलाच. एरवी आईचं काम तो इतक्या चटकन कधी करत नसे. त्यानं फ्रेम उतरवली, मागच्या पट्ट्या वाकवल्या, पुठ्ठा काढला. लग्नाचा अल्बम क्रांतीच्या माहेरी होता, तो महापुरात गेला. उरली होती ती ही एकच प्रत. कातर त्यानं दोघांच्या बरोबर मधे धरली. त्याला बरं वाटत होतं. भावाच्या फोटोला कातर लावताना बरं वाटतंय याची लाजही वाटत होती, पण बरं जास्त वाटत होतं.

क्रांतीनं त्याचं मनगट धरलं.

"कापायचं न्हाई."

"अगं, हारासाठी..."

"हार नसला तरी चालंल. कापायचं न्हाई."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर भांडता तरी आलं असतं. विश्वजितची कानशिलं तापली. त्यानं जोतिबाच्या फोटोकडे बोट केलं.

"मग ह्यो कशाला लावलायस? काढ की. एकच ठेव."

आक्का मान खाली घालून हार पिशवीत भरत राहिली. एक लेक भिंतीवर, एक समोर. आईनं कुणाच्या बाजूनं बोलायचं?

क्रांतीनं त्याच्या हातातून फोटो काढून घेतला. पुठ्ठा बसवला, पट्ट्या दाबल्या आणि स्वतःच स्टुलावर चढून फ्रेम खिळ्याला अडकवली. ती उतरतेय तोच दारातून हाळी आली.

"हाईस का घरात?"

विश्वजितच्या ऑफिसातले बाळासो, बायकोला घेऊन आले होते. चपला काढता काढता त्यांची नजर हॉलभर फिरली आणि भिंतीवर येऊन थांबली.

"भारी सजवलंयस की रं! ह्यो तुझा थोरला भाऊ न्हवं? चेहरा एकच हाय. आणि वैनी बी झकास. आल्यात का दोघं?"

भाऊ गेला, एवढं तरी सांगायला हवं होतं. पण तेवढं सांगितलं की पुढचा प्रश्न वहिनीचाच येणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. आक्कानं त्याच्याकडे बघितलं. क्रांतीनंही बघितलं, आणि ती वाट बघत राहिली.

"न्हाई," तो म्हणाला. "आल्या न्हाईत वैनी."

मग क्रांतीनं डोईवरचा पदर सारखा केला आणि ती पुढं झाली.

"आलीया की. मीच ती," ती बाळासोंना म्हणाली. "ह्ये माझं पैलं मालक. गेलं. आणि त्यो बारका फोटो हाय न्हवं, त्यातलं मालक ह्ये तुमच्या म्होरं हुबं हाईत. दोन्हीकडं मीच हाय. बसा की पावणं, हुबं का?"