कुठेही उघडणारी फाइल

दीपालीने राहीच्या पाठीमागे स्टीलचं ताट सोडलं. ताट खणखणत गरगर फिरलं आणि निपचित पडलं. राहीने हातातला ठोकळा दुसऱ्या ठोकळ्यावर ठेवला आणि तिसरा शोधू लागली.

"भांडी आपटून काय मिळतंय गो तुला?" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पोर खेळत्येय, खेळू दे की. हिचा बापूस स्वरूप तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. आता थांबतो का?"

दीपालीने ताट उचललं. राही दीड वर्षाची होत आली होती. सगळी आळी तिला गुणी म्हणायची. कुकरची शिट्टी होवो, लग्नाचा बँड जावो, तिची झोप मोडायची नाही. हाक मारली तर कधी वळायची, कधी नाही. ज्या वेळी वळायची, त्या वेळी का वळली हे दीपाली बघत राहायची. एकदा भिंतीवर सावली हलली होती. एकदा कुणीतरी पाट सरकवला होता आणि जमीन थरथरली होती. हे घरात बोलून दाखवलं की सगळे हसायचे. उद्या कोल्हापूरला कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. ती रद्द करायची, हे ठरल्यातच जमा होतं.

फोन वाजला. स्वरूपचं जहाज बंदराला लागलं होतं, त्याला रेंज मिळाली होती.

"दीपा, एक काम कर. माझ्या जुन्या लॅपटॉपवरून एक फाइल पाठव. गिटारचं पेडल बिघडलं गो. नवीन घेतलं ते दुसऱ्या कंपनीचं, आणि ते आपली खोली घेतच नाही."

'आपली खोली' म्हणजे काय, ते दीपालीला माहीत होतं. राहीच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी त्याने बाहेरच्या खोलीत एक उरलेला फुगा फोडून तो आवाज रेकॉर्ड केला होता. चिऱ्यांच्या भिंती, वर कौलं. त्या खोलीत आवाज जसा घुमला, त्याची त्याने पेडलसाठी फाइल बनवली. ती लावली की जहाजाच्या पत्र्याच्या केबिनमध्येही गिटार घरी वाजवल्यासारखी वाटायची. यंदा कौलं काढून त्या खोलीवर स्लॅब टाकला. आता जुनी खोली होती ती फक्त त्या फाइलमध्ये.

"मग तीच परत पाठवू?"

"ती नको. ती जुन्या कंपनीची. त्यांनी कुलूपही स्वतःचं लावलंय आणि चावीही स्वतःच्याच पेडलमध्ये ठेवलीय. तिच्याशेजारी मूळ रेकॉर्डिंगची वेव्ह फाइल असेल बघ. ती कुठेही उघडते, फोनवरसुद्धा. फक्त फुगा ठेव, पुढचं-मागचं कापून टाक."

"स्वरूप, उद्याचं..."

"शिमग्याला येतोयच ना मी? तेव्हा बघू. तू फार मनाला लावून घेतेस."

"इथले डॉक्टर म्हणाले, जितका उशीर होईल तितकं..."

"ते तसंच म्हणणार. त्यांचा धंदाच तो." तो हसला. "संध्याकाळी जहाज सुटतंय, त्याआधी पाठव हां."

लॅपटॉपवर एकाच नावाच्या दोन फाइली होत्या. पहिली तिने चुकून दाबली. ती उघडली नाही. दुसरी दाबल्याबरोबर वाजायला लागली.

दीपालीने ती कधी ऐकलीच नव्हती. फुगा फोडला त्या वेळी ती न्हाणीत होती. तेल लावायला, कढत पाण्याने न्हाऊ घालायला गोदामावशी यायची. पुढे शेक-धुरी. बाळंतीण एकदा आत गेली की बराच वेळ बाहेर यायची नाही. बाहेर आली तेव्हा स्वरूप खुशीत होता. पहिल्याच फटक्यात काम झालं होतं, दुसरा फुगा फोडावा लागला नव्हता.

"आता कोणी बोलू नका हां," लॅपटॉपमधून स्वरूपचा आवाज आला.

मग फुगा फुटला. इतक्या दिवसांनंतर, त्या एवढ्याशा स्पीकरमधून ऐकूनही दीपाली दचकली. भिंती घुमल्या, कौलांवरून कावळे ओरडत उडाले. आत कुठेतरी तांब्या पडला.

"मेल्या, काळीज फाटलं ना माझं!" सासूबाईंचा आवाज.

दीपाली थांबली. आता रडणं येईल. माईक पाळण्याशेजारीच असणार, कारण बाळाचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. एक श्वास. दुसरा. तिसरा. रडणं आलंच नाही. श्वासाची लयसुद्धा चुकली नाही.

मग स्वरूप अगदी हळू, कौतुकाने म्हणाला, "बघितलंस आई? जागची हललीसुद्धा नाही. कित्ती गुणी गो माझी बाय!"

फाइल संपली.

दीपालीने मान वर केली. सासूबाई दारात उभ्या होत्या. हाताला कणीक तशीच होती.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

तिने परत लावली. या वेळी सासूबाई फुग्याला दचकल्या नाहीत. त्या राहीकडे बघत होत्या. राही त्यांच्याकडे पाठ करून ठोकळे रचत होती. फाइल संपल्यावर त्या हळूच खाली बसल्या आणि म्हणाल्या, "सकाळच्या गाडीला मीपण येत्ये."

फोनवर स्वरूपचा मेसेज येऊन पडला होता. 'मिळाली का? क्लीन आहे ना?'

दीपालीने पुढचं-मागचं काही कापलं नाही. फाइल होती तशी पाठवली आणि खाली लिहिलं, 'फुग्यानंतर थांबू नकोस. शेवटपर्यंत ऐक.'