रिकाम्या माणसाचं सर्टिफिकेट

"तू ट्रेनिंगला गेल्यावर चुलीम्होरं कोन बसंल? मी?" रेवणप्पा ओरडला, आणि इरम्मानं हातातली भाकरी तव्यावर जरा जोरातच टाकली.

मुरुमच्या बाजारात रेवणप्पाची खानावळ होती. म्हणजे पाटीवर नाव रेवणप्पाचं, पण गिऱ्हाईक यायचं ते स्वयंपाकीण इरम्माच्या हातच्या येसर आमटीसाठी. उमरग्याहून लोक गाड्या काढून येत. आता मंगल कार्यालयात खानावळवाल्यांसाठी अन्न सुरक्षेचं ट्रेनिंग होतं. प्रत्येक स्वयंपाकघरातून एक माणूस पाठवायचा, त्यानं परीक्षा द्यायची आणि सर्टिफिकेट घेऊन यायचं. इरम्माला जायचं होतं. उभ्या जन्मात तिचं नाव कुणी भिंतीवर लावलं नव्हतं.

रेवणप्पाची खरी भीती वेगळीच होती. ती त्यानं बायकोला, शांतम्माला तेवढी सांगितली. "हायवेवर नवं हॉटेल व्हायलंय. तिथं सर्टिफिकेटवालं मानूस लागतंय म्हनं. हिच्या हातात कागूद पडला की ही चालली बघ. मग आपन दोगं बसू माशा मारत."

"मग धाडता कोनाला?"

उत्तर समोरच्या बाकड्यावर आडवं पडून घोरत होतं. उमाशंकर. शांतम्माचा धाकटा भाऊ.

आता आमच्याकडं शिबिराला कोण जातं? जो रिकामा असतो तो. शिबिर खताचं असो की डोळ्यांचं, कामाचा माणूस कुणी धाडत नाही. दुभती म्हैस काय उगीच बाजारात फिरवून आणायची? आणि उमाशंकर तर जन्माचा रिकामा. एकदा यानं चहाचं पाणी ठेवलं, तर पातेलं करपलं.

"जातो की दाजी," तो डोळे चोळत म्हणाला. "जेवन हाय न्हवं तिथं?"

मंगल कार्यालय गच्च भरलं. कुणाचा सासरा आला होता, कुणाचा वॉचमन, एकानं तर शेजारचा इस्त्रीवाला धाडला होता. ज्यांना फोडणी घालता येत होती ते सगळे आपापल्या चुलीपुढं घाम गाळत होते. शिकवायला आलेल्या प्रतीक्षा मॅडम बिचाऱ्या जीव तोडून सांगत होत्या. नखं कापा, टोपी घाला, कच्चं वेगळं ठेवा, शिजलेलं वेगळं ठेवा. उमाशंकरच्या डोक्यात आधीचं काही नव्हतंच, त्यामुळं सगळं नीट मावलं. परीक्षा तोंडी, आणि जीभ तर पहिल्यापासून चुरूचुरू चालणारी. परीक्षेत गडी पहिला आला!

रेवणप्पानं पेढे वाटले. सर्टिफिकेट काचेत घालून गल्ल्याच्या वर टांगलं. इरम्मानं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तव्याला कानडीत काहीतरी सांगितलं. ते तव्याला कळलं असावं, कारण त्या दिवशी भाकरी नेहमीपेक्षा कडक झाली.

आणि मग हायवेवरच्या नव्या हॉटेलानं उमाशंकरला बोलावून घेतलं. किचन सुपरवायझर म्हणून! रेवणप्पा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. घरातलं रिकामं तोंड गेलं आणि इरम्मा जागच्या जागी. त्यानं खुशीनं मेव्हण्याला नवा शर्ट घेतला, वर भिंतीवरचं सर्टिफिकेटही उतरवून दिलं.

आठवडासुद्धा झाला नसेल. भर जेवणाच्या वेळेला उमाशंकर आला. डोक्यावर पांढरी टोपी, आणि तोंड असं उतरलेलं की घरात मयत झालीय म्हणावं. बहिणीला ओलांडून तो थेट चुलीपाशी गेला आणि इरम्माच्या पाया पडला.

"मावशी, तिथला आचारी पळाला. मालक म्हनतो, सर्टिफिकेट तुझ्यापाशी हाय, तूच कर सैपाक. काल म्या आमटी केली. लोकं ताटावरनं उठली, मावशी! चला की माझ्यासंगं. न्हायतर आज मला हाकलत्यात."

"माज्यापाशी कुठं कागूद हाय?"

"माझ्यापाशी हाय की! सध्याला एक बास. आन पुढच्या ट्रेनिंगला पैलं नाव तुमचंच. तिथला सायेब मीच हाय."

इरम्मानं हात धुतले. परातीतलं पीठ झाकलं. फळीवरचा येसर मसाल्याचा डबा काखेत घेतला.

रेवणप्पा गल्ला सोडून आडवा आला. "इरम्मा, आगं ऐक! उद्याच्या उद्या तुला ट्रेनिंगला धाडतो. आईची आन!"

"मागितलं तवा न्हाय धाडलं मालक," इरम्मा पदर खोचत म्हणाली. "आता आमचं सायेब धाडतेत."

आणि ती उमाशंकरच्या मोटारसायकलवर मागं बसून गेलीसुद्धा. बसलेली गिऱ्हाइकं खिडकीतून बघत राहिली. मग एकेक जण उठला, चपला घालून निघाला. रेवणप्पाला हमसून हमसून रडावंसं वाटलं, पण रडायला सवड नव्हती. शांतम्माची भाकरी थापताना फाटत होती आणि याची तव्यावर करपत होती.

तेवढ्यात फोन वाजला. प्रतीक्षा मॅडम होत्या.

"तुमचा सर्टिफिकेटवाला माणूस गेला म्हणे. पुढच्या महिन्यात पुन्हा ट्रेनिंग आहे. या वेळी कोण येणार?"

"मीच येतो, मॅडम," रेवणप्पा भाजलेलं बोट तोंडात घालत म्हणाला. "पर एक इचारू का? तुमच्या ट्रेनिंगात सैपाक बी शिकवत्यात का?"